लिस्बनवाल्याची आखाजी

आमच्या गावच्या बायकांना वर्षातून एक दिवस शिव्या द्यायची मुभा असते. तो दिवस आखाजीचा. बाकीच्या महाराष्ट्रात त्याला अक्षय्य तृतीया म्हणतात, गुंजभर सोनं घेतात आणि गप्प बसतात. आमच्या खानदेशात त्या दिवशी कोणी गप्प बसलं तर त्याला बरं नाही असं समजतात. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या आणि आमरस खाऊन सुस्तावतात. पुरुष राजरोस पत्ते कुटतात. आणि दुपार कलली की आम्ही बायका गौराई बोळवायला नदीवर जातो. पलीकडच्या काठावर निमखेड्याच्या बायका आपली गौराई घेऊन आलेल्या असतात. वैशाखातली नदी ती, मधे नुसती वाळू. मग सुरू होतो बार. या काठावरून त्या काठाला आणि त्या काठावरून या काठाला, घसा बसेपर्यंत शिव्या. जावयांपासून म्हशींपर्यंत कोणी सुटत नाही. सूर्य टेकला की थांबायचं आणि जे बोललं ते वाळूत राहिलं असं समजून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच बायका बाजारात भेटल्या की एकमेकींच्या लेकरांना शेव-मुरमुरे घेऊन देतात.

हे आधीच सांगून ठेवते, कारण फुर्तादोंना हे वेळेवर कोणी सांगितलं नव्हतं.

मी प्रमिला, जीवराम नानांची लेक. लग्नानंतर जळगावला गेले, तिथे मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. आमचं गाव शिंदखेड्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पंचावन्न सालच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ मगन गोव्याच्या सत्याग्रहाला गेला. नानांना सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याला सांगून गेला, त्यामुळे नाना मगनशी बोलतात पण जावयाशी अजून नीट बोलत नाहीत. तिकडे पोर्तुगीज शिपायांनी बंदुकीच्या दस्त्याने मगनचा पाय फोडला. बाकीचे पांगले आणि हा एका फणसाखाली पडून राहिला. एका गृहस्थाने त्याला हातगाडीवर घालून घरी नेलं, माळ्यावर लपवलं, पायाला फळ्या बांधल्या आणि रोज पेज पाजली. शिपायांना कुणकुण लागली तेव्हा दोघंही सरहद्द ओलांडून पळाले. मगन लंगडत घरी आला. त्याच्या मागे काळा कोट, हॅट आणि हातात पत्र्याची पेटी असलेला पन्नाशीचा माणूस.

"नाना, यासनी माले वाचाडं," मगन म्हणाला. "आते ह्या आपला घरमा ऱ्हातीन."

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

इनासियो फुर्तादो पोर्तुगीज भाषेत लिहिणारे नाटककार आणि कादंबरीकार होते. पोर्तुगीज म्हटल्यावर गाव गोरा साहेब बघायला लोटलं आणि नानांच्याच रंगाचा माणूस बघून हिरमुसलं. त्यांना मराठी येत नव्हती, कोकणी येत होती. मग मी जळगावहून जुनी वर्तमानपत्रं पाठवायला लागले. त्यांनी ती अशी मन लावून वाचली की सहा-आठ महिन्यांत ते अग्रलेखासारखं बोलू लागले. "अक्का, किंचित ताक मिळण्याची संभाव्यता आहे काय?" असं ते माझ्या आईला विचारत. आई घाबरून दोन पेले ओतायची.

त्यांची कहाणी ते मजेत सांगत. लिस्बनला एक हुकूमशहा बसलेला. त्याच्या अंमलात नाटक लिहिलं की आधी कचेरीत द्यायचं. तिथला अधिकारी निळी पेन्सिल घेऊन बसायचा आणि नको ते खोडायचा. फुर्तादोंनी एका मेजवानीवर नाटक लिहिलं. ते परत आलं तेव्हा त्यात पाहुण्यांचं येणं आणि जाणं एवढंच उरलं होतं. यांनी हट्टाने तेवढंच रंगमंचावर आणलं. लोक आत येतात, नमस्कार करतात, बसतात, उठतात, नमस्कार करतात आणि जातात. प्रेक्षक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी प्रेक्षक का हसले याचा लेखी खुलासा मागवला गेला. एक कादंबरी छापून झाल्यावर जप्त झाली आणि पुढे बाजारात काजू घेताना पुडीचा कागद ओळखीचा निघाला. "माझे साहित्य घरोघरी पोचले," ते म्हणत, "काजूंसमवेत."

शेवटचं नाटक एका सासूचं होतं. त्यात राजा नाही, पोलीस नाही, नुसती एक सासू. घरातल्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला. सुनांनी किती खायचं, किती हसायचं, माहेरी काय निरोप पाठवायचा, सगळं ती ठरवणार, आणि वर हे तुमच्याच भल्याचं म्हणून सांगणार. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही बाई लिस्बनला राहते का?" नाटक बंद झालं आणि फुर्तादो काही महिने तुरुंगात बसले.

त्यांचं एकही नाटक कोणी सबंध ऐकलेलं नव्हतं. हे सांगताना मात्र ते हसत नसत.

आमच्याकडे आल्यावर ते रोज सकाळी लिंबाखाली खाटेवर कागद घेऊन बसत. एक ओळ लिहीत, मागे वळून बघत आणि ती ओळ खोडून टाकत. मगन म्हणायचा, "भाऊ, आठे कोनी देखत नही." त्यावर ते म्हणत, "ठाऊक आहे. परंतु तो अधिकारी आता माझ्या आतच राहतो. भाडेसुद्धा देत नाही."

छप्पन सालच्या आखाजीला त्यांनी पहिल्यांदा बार पाहिला. नानांनी त्यांना पुरुषांबरोबर पत्त्यांना बसवलं होतं, पण आरडाओरडा ऐकून ते हॅट सावरत नदीवर आले. तेव्हा आमच्या काठावर माझी चुलत बहीण भिकुबाई पदर खोचून उभी होती. भिकुबाई दिलेली निमखेड्यालाच. म्हणजे माहेर या काठाला आणि सासर त्या काठाला. वर्षभर तिच्या तोंडातून ब्र निघत नसे, कारण तिची सासू कुंदाबाई ही बाई तेल चमच्याने मोजून द्यायची, गुळाच्या डब्याला कुलूप लावायची आणि कोठीच्या चाब्या कमरेला बांधून झोपायची. पण आखाजीच्या दिवशी भिकुबाई आमच्या काठाची लेक होती, आणि समोर निमखेड्याच्या बायकांत कुंदाबाई पहिल्या रांगेत उभी.

"ओ कुंदाबाई!" भिकुबाई ओरडली. "तुना घरना उंदरं बी माहेरले चालना गयात व! तठे एक दाना नही सापडना त्यासले!"

आमचा काठ फुटून हसला. कुंदाबाईने कमरेवर हात ठेवले.

"गयात ते चांगलं व्हयनं! त्यासना वाटानं बी तूच खाई टाकं व!"

आता तो काठ हसला. फुर्तादोंच्या हातात हॅट तशीच राहिली. त्यांनी मला विचारलं, "ही वाक्ये कोणी लिहिली?"

"कोणीच नाही. आता सुचली."

"माझ्या सहा नाटकांत असे एक वाक्य नाही. यांस परवानगी कोणी दिली?"

"शिव्यांना कसली परवानगी?"

तेवढ्यात त्यांना बांधावर जमादार सुकदेव दिसला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. सुकदेवची मावशी आमच्या गावात होती. तो दर आखाजीला तिच्याकडे आमरस खायला यायचा आणि जाता जाता बार ऐकायचा. मी फुर्तादोंना तसं सांगितलं, पण पोलीस आमरस खायला येतो यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

संध्याकाळी जेवताना त्यांनी नानांना वेगळंच विचारलं. सगळ्या पुरुषांची नावं आली, मगनच्या लंगड्या पायाचीही शिवी झाली, मग त्यांना कोणीच कसं काही बोललं नाही?

"तुमी पाहुना शेतस," नाना म्हणाले. "पाहुनाले कोन गाया दी? गाया आपला मानूसले देतस." गाया म्हणजे शिव्या; अहिराणीत एका शिवीला गाय म्हणतात.

फुर्तादोंनी मान हलवली आणि भात अर्धा टाकून ते उठले. ते त्यांना लागलं, हे मला तेव्हाच दिसलं.

पुढच्या वर्षी, आखाजीला महिना असताना, ते वही-पेन्सिल घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊ लागले. दर वेळच्या ठरीव शिव्या कोणत्या, नव्या कोणत्या, कोणत्या घराला कोणती लागते, हे सगळं उतरवून घेऊ लागले. म्हाताऱ्यांना वाटलं, लेखक माणूस आहे, आपलं पुस्तक होणार. त्यांनी चहा पाजून शिव्या सांगितल्या. ज्या विसरल्या होत्या त्या आठवून दुसऱ्या दिवशी घरी आणून दिल्या.

फुर्तादोंनी त्या सुवाच्य अक्षरात उतरवल्या, आरंभी पात्रपरिचय दिला, आणि तालुक्याच्या कचेरीत जाऊन रीतसर परवानगीचा अर्ज ठेवून आले. घरात कोणाला सांगितलं नाही. त्यांना ती आमच्यासाठी भेट वाटत होती. आज ना उद्या कोणीतरी भिकुबाईला त्या उंदरांवरून उचलून नेणार, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि आपल्या हयातीत आणखी एकाला पेन्सिलीपायी आत गेलेलं त्यांना बघवणार नव्हतं.

आता कचेरीकडे आजवर कोणी शिव्यांना परवानगी मागितली नव्हती, म्हणून कोणी ती नाकारलीही नव्हती. पण अर्ज आला की कचेरीला गप्प बसता येत नाही. त्यातून साहेब नवे, उत्साही. आखाजीच्या आदल्या दिवशी जमादार सुकदेव हुकूम घेऊन आला. मी नुकतीच जळगावहून पोचले होते, म्हणून चावडीवर तो मलाच वाचायला लागला. एरवी चुरूचुरू अहिराणी बोलणारा सुकदेव कामावर असला की छापील बोलतो, तो शेजारी ताठ उभा राहिला.

हुकूम ऐकायला दोन्ही गावच्या बायका जमल्या होत्या. म्हशीचा उल्लेख वगळावा. जावयास गाढव म्हटले आहे, तो कोणता जावई याचा खुलासा करावा, तोवर वगळावे. उंदीर माहेरी गेल्याचा मजकूर अन्नधान्याच्या परिस्थितीविषयी गैरसमज पसरवणारा असल्याने वगळावा. असं पानभर. शेवटी मंजूर काय झालं होतं, तर निमखेड्याचे पाणी मचूळ आहे, निमखेड्याच्या स्त्रिया उशिरा उठतात, आणि अशाच आणखी दोन-चार गोष्टी. निमखेड्याकडूनही आमच्याविषयी तेवढंच बोलायचं. जमादार यादी घेऊन हजर राहतील. त्याबाहेर दोन्ही गावच्या रहिवाशांनी परस्परांस अपशब्द वापरल्यास कारवाई होईल.

मी वाचायची थांबले. फुर्तादो माझ्यासमोर उभे होते. अर्ज कोणी केला ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळलं.

एरवी अशा वेळी गलका झाला असता. पण ते पाहुणे होते, मगनला वाचवलेले पाहुणे, त्यांना कोण काय बोलणार? भिकुबाई मात्र पुढे आली. तिचे डोळे भरून आले होते.

"मंजूर करेल गाय कोनले लागी, भाऊ?" ती म्हणाली. "सालभर मी तोंड शिवीसन बसस. एक दिन मना ऱ्हास. तोबी तुमी कचेरीमा दी उनात?"

फुर्तादोंचे सगळे अग्रलेख त्या दिवशी आटले.

घरी येऊन पाहते तर ते पेटीत कपडे भरत होते. मला त्यांचा सपाटून राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि ही दोन्ही एकदम आली की माझं डोकं दुखतं.

"प्रमिलाबाई," ते म्हणाले, "मी त्या पेन्सिलीपासून पळून आलो असे मला वाटत होते. ती माझ्या खिशातच होती. उद्याचे उद्या पाहीन आणि परवा मुंबईस जाईन."

नानांनी ऐकलं आणि ते गोठ्यात गेले. तिथून बराच वेळ बैलांवर ओरडल्याचा आवाज येत होता. मगन त्याच रात्री गाडी जुंपून कचेरीकडे निघाला, पण सणाची सुट्टी, आणि साहेब धुळ्याला गेलेले. तो दुसऱ्या दिवशी दुपारी तोंड पाडून परत आला.

आखाजीच्या त्या दुपारी आम्ही गौराई घेऊन नदीवर गेलो ते कोणाच्या दहाव्याला चालल्यासारख्या. जमादार सुकदेव वाळूच्या मधोमध छत्री उघडून उभा होता. हातात यादी, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की त्यालाच आत टाकलंय. समोर कुंदाबाई नेहमीच्या जागी उभी होती. मला तोवर वाटत होतं, बार बंद पडला तर तिला बरंच वाटेल. पण तिचाही चेहरा उतरलेला होता. वर्षभर काय काय जमवून ठेवलं असेल तिनेही.

"करा सुरू," सुकदेव म्हणाला.

कोणी बोलेना. शेवटी आमच्याकडची एक म्हातारी खाकरली आणि म्हणाली, "निमखेडानं पानी मचूळ शे."

"शे," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

सुकदेवने यादीवर खूण केली. लहान पोरंसुद्धा कंटाळून वाळूत खणलेल्या झिऱ्यातलं पाणी उडवायला लागली.

तेवढ्यात बांधावरून फुर्तादो खाली उतरले. काळा कोट, हॅट, भर उन्हात. वाळूत पाय रुतवत ते सुकदेवपाशी गेले.

"जमादार, या आदेशात कोणी कोणास अपशब्द वापरण्यास मनाई आहे?"

सुकदेवने वाचलं. "दोन्ही गावच्या रहिवाशांनी परस्परांस."

"लिस्बन शहराचा त्यात अंतर्भाव आहे काय?"

सुकदेवने पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं. "नाही."

"आभारी आहे," फुर्तादो म्हणाले. त्यांनी हॅट काढून वाळूत ठेवली, सूर्याच्या बाजूला, म्हणजे लिस्बनच्या दिशेला तोंड केलं आणि ओरडले.

काय ओरडले ते आम्हाला कळलं नाही, ते पोर्तुगीज होतं. पहिलं वाक्य बसक्या आवाजात आलं आणि ते संपताच त्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं. मागे आम्हीच होतो. मग दुसरं वाक्य आलं, जरा मोठं. तिसऱ्याला मानेच्या शिरा फुगल्या. त्या सभ्य, हळू बोलणाऱ्या माणसाच्या अंगात एवढा आवाज असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"भाऊ, काय म्हनी ऱ्हायनात?" भिकुबाईने काठावरून विचारलं. "आमले बी समजू द्या!"

ते धापा टाकत वळले. "मी म्हणालो, अरे चोरा, माझी नाटके परत कर!"

"कोन शे तो?"

"लिस्बनचा धनी. तो सर्वांची तोंडे बंद ठेवतो. सर्व किल्ल्या त्याच्यापाशी असतात."

"चाब्या?" भिकुबाई थबकली. तिची नजर नदीपलीकडे गेली आणि तिथे कमरेला लटकणाऱ्या जुडग्यावर थांबली. "कंबरले बांधस का तो?"

फुर्तादोंनीही तिकडे पाहिलं. "होय," ते सावकाश म्हणाले, "तसे म्हणता येईल."

भिकुबाईने पदर खोचला. नजर कुंदाबाईवरून हलवली नाही.

"ओ लिस्बनवाल्या!" ती ओरडली. "तुना घरना उंदरं माहेरले चालना गयात रे! तठे एक दाना नही सापडना त्यासले!"

कुणाला बोललं ते दोन्ही काठांवर एकजात सगळ्यांना कळलं होतं. कुंदाबाईला सगळ्यांत आधी. आणि मग त्या बाईचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"ओ लिस्बनवाल्या! त्या उंदरंसना वाटानं बी तुनी सूनच खाई गयी रे! आनि माहेर जाईसन सांगस, मी उपाशी शे!"

मग कोण थांबतं? दोन्ही काठ एकदम सुटले. लिस्बनवाल्याची म्हैस आली, लिस्बनवाल्याचा गाढव जावई आला, लिस्बनवाल्याच्या विहिरीचं पाणी, त्याच्या बायकोचं नाक, त्याच्या भावकीतल्या लग्नातली आंबट कढी. साहेबांनी वगळलेलं एकूण एक परत आलं आणि वर ताजं पुष्कळ आलं. ज्या बाईने ज्या घराचा राग वर्षभर पोटात ठेवला होता त्या घराकडे बघून ती लिस्बनला शिव्या देत होती. सुकदेव आधी यादी चाळत होता. मग त्याने ती घडी करून वाळूवर पसरली आणि तिच्यावर बसून ऐकू लागला.

"लिस्बनवाल्या!" कुंदाबाई म्हणाली. "तुनी सून उठस तवय सूर्य डोकावर येस!"

"लिस्बनवाल्या!" भिकुबाईचा आवाज चिरका झाला होता. "तू गुळले कुलूप लावस! मरशी तवय चाबी बरोबर ली जाशी का रे?"

ही मात्र जिव्हारी लागण्यासारखी होती. आम्ही सगळ्या कुंदाबाईकडे बघायला लागलो. तिने खाली कमरेकडे पाहिलं, जुडगा हातात घेतला, आणि फिसकन हसली. तिच्या मागच्या बायका तिच्या पाठीवर थापा मारायला लागल्या.

फुर्तादो वाळूत बसकण मारून हसत होते आणि डोळे पुसत होते. मी जवळ गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"प्रमिलाबाई, मी सासूचे नाव घेऊन त्यास शिव्या दिल्या आणि त्याबद्दल तुरुंगात गेलो. या बाया त्याचे नाव घेऊन सासूस देत आहेत! आणि सबंध. ऐकता आहात ना? एक शब्द कोणी गाळला नाही."

मला रडू आलं. हसूही येत होतं, पण रडू आधी आलं.

सूर्य टेकायला आला. सगळ्यांचे घसे बसले होते. आता घरी जायचं म्हणून मी गौराईची रिकामी टोपली उचलली, तोच भिकुबाई वाळूत उतरली आणि फुर्तादोंसमोर येऊन उभी राहिली. तिने कमरेवर हात ठेवले.

"आते तू!" ती म्हणाली.

फुर्तादो उठून उभे राहिले. आजवर भाऊ आणि तुमी म्हणणारी भिकुबाई त्यांना तू म्हणत होती.

"अय फुर्तादो! शाईना डबा! तुनी मायनी तुले दूध पाजं का शाई पाजी रे? तुनी टोपीखाल डोकं शे का कचेरी शे?"

काठावरून हशा आला. "ताक मांगाले कितला शब्द लागतस रे तुले?" हा आवाज माझ्या आईचा होता, आणि मी थक्क झाले, कारण बारात आई कधी तोंड उघडत नसे. पलीकडून कुंदाबाईने उरलासुरला आवाज लावला, "त्याले इचारा व, शिंक येस तवय बी आधी अर्ज करस का!"

फुर्तादो उघड्या डोक्याने मधोमध उभे होते. प्रत्येक शिवीला त्यांचा चेहरा उजळत होता. मेजवानीच्या नाटकालासुद्धा ते असे उभे राहिले नसतील.

सुकदेवला एकदम आपलं काम आठवलं. तो वाळू झटकत उठला आणि नानांना हाक मारली. नाना, मगन आणि पत्ते टाकून आलेले बाकीचे पुरुष बांधावर उभे होते.

"नाना, हे गृहस्थ पाहुणे का गावचे रहिवासी? पाहुणे असतील तर माझी हरकत नाही. रहिवासी असतील तर निमखेड्याच्या बाईने यादीबाहेरचं बोलल्याचं मला लिहावं लागेल."

नाना विचारात पडले. पाहुणा म्हटलं तर सगळे सुटत होते. त्यांनी तोंड उघडलंही, पण त्याआधी फुर्तादोच ओरडले.

"रहिवासी!"

"मग लिहावं लागेल, साहेब."

"लिहा," फुर्तादो म्हणाले. "सर्व लिहा. एक शब्दही गाळू नका."

सुकदेवने कानावरची पेन्सिल काढली, खाली बसून यादी शोधली. ती त्याच्या बुडाखालून निघून वाऱ्याने झिऱ्यात गेली होती आणि पोरं तिची होडी करून भांडत होती. त्याने थोडा वेळ होडीकडे पाहिलं.

"चाल रे सुकदेव," नाना बांधावरून म्हणाले, "रस पातय व्हई जाई." रस पातळ व्हायच्या आत आमच्या घरी पोचायचं म्हणून सुकदेवने छत्री मिटली आणि तो निघाला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आईने आधी फुर्तादोंची पेटी गाठली. कपडे काढून खाटेवर टाकले आणि तिच्यात उरलेल्या सांजोऱ्या भरल्या. पत्र्याच्या पेटीत मुंग्या जात नाहीत म्हणाली. मग पानं वाढायला घेतली. सुकदेवसाठी पाट मांडला, रांगोळी काढली, पुढे तांब्या ठेवला. फुर्तादो सवयीने त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. गेली दोन वर्षं त्यांचा पाट तिथेच मांडला जायचा. आई चुलीपासून वळली.

"उठ," ती म्हणाली. "तुनं ताट तू ले. ते दख, फळीवर शे."

फुर्तादो उठले. फळीवरून ताट घेतलं आणि मगनच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. मग घसा खाकरला. आम्ही सगळे थांबलो, आता वाक्य केवढं येतंय म्हणून.

"अक्का," ते म्हणाले, "ताक दे."